हिशेब कोणाला द्यायचा?



आपण संकल्प करतो. गुढीपाडव्याला करतो, गुरुपौर्णिमेला करतो, वाढदिवसालाही करतो. संकल्प करताना मन प्रसन्न असते. प्रश्न पुढे येतो. तो पाळला की नाही हे कोण पाहणार? पाहणारा कोणी नसेल आणि शिक्षाही होणार नसेल, तर हिशेब ठेवायचा तरी कशासाठी?

गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्यासमोर एका साध्या वहीच्या रूपाने आला. तो अनुभव आधी सांगते. कारण पुढे जगातल्या देशांबद्दल जे लिहिणार आहे, त्याचा अर्थ मला त्या वहीमुळेच कळला.

एक वही, एक आकडा

आम्ही जयपूरच्या आदर्श नगरात राहतो. बाबांच्या नोकरीमुळे सांगलीहून इथे आलो, त्याला आता बारा वर्षे झाली. मी वाणिज्य शाखेत शिकते आणि वेळ मिळेल तसे लेखांचे मराठी भाषांतर करण्याची सेवा करते. आमच्या रविवारच्या सत्संगाला अठरा घरे येतात. त्यात मराठी घरे चार, बाकीची सिंधी, पंजाबी आणि राजस्थानी. मार्चमध्ये सर्वांनी मिळून ठरवले की निसर्गाचे ऋण आपण मानतो, तर त्यासाठी काही करूनही दाखवू. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत प्रत्येक घराने गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा दहा टक्के कमी वीज वापरायची. वही ठेवायचे काम माझ्याकडे आले. कॉमर्सची विद्यार्थिनी, हिशेब हिलाच द्या, असे सगळे हसत म्हणाले.

एप्रिलमध्येच सांगलीहून आजी आमच्याकडे आली. तिला फुप्फुसांचा जुना त्रास आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात गेला. कूलरची दमट हवा तिला सोसेना, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या खोलीत एसी बसवला. गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा वापर २९० युनिट होता. या वर्षी तो ४१० झाला. वही माझ्या हातात होती, आणि सत्संगात आकडे वाचून दाखवणारीही मीच होते.

मी खोटा आकडा लिहिला नाही. ४१० हाच लिहिला. फक्त तुलनेच्या रकान्यात गेल्या वर्षीच्या मे महिन्याऐवजी जूनचा आकडा घेतला. त्या जूनमध्ये आमच्याकडे दोन आठवडे पाहुणे होते आणि वापर ४४० युनिट झाला होता. चारशे चाळीसवरून चारशे दहा, म्हणजे सुमारे सात टक्के घट. रविवारी मी ते वाचून दाखवले. सर्वांनी कौतुक केले. कोणी काही विचारले नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडे भाषांतरासाठी एक लेख आला. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्यात कोणता देश कुठवर पोहोचला, याची नोंद कशी ठेवली जाते, असा त्याचा विषय होता. त्यातला आधारवर्षाचा परिच्छेद मराठीत उतरवताना माझा हात थांबला. माझी वही मला तिथे दिसली.

राष्ट्रांची वही

थोडा इतिहास पाहू. १९९२ मध्ये रिओ दि जानिरो इथे भरलेल्या वसुंधरा परिषदेच्या वेळी हवामान बदलावरचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा करार सह्यांसाठी खुला झाला. आपापले उत्सर्जन मोजू आणि जगाला कळवू, हे देशांनी त्यात मान्य केले. १९९७ मध्ये जपानमधील क्योतो इथे पुढचे पाऊल टाकले गेले. औद्योगिक देशांवर बंधनकारक मर्यादा आल्या. २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्क्यांनी खाली आणायचे होते. जो देश चुकेल, त्याची तूट ३० टक्के वाढवून पुढच्या काळातून वळती करायची, असा दंडही होता.

घडले काय? अमेरिकेने सही केली, पण कराराला मान्यता कधीच दिली नाही. कॅनडाने १९९० पेक्षा ६ टक्के घट करण्याचे वचन दिले होते. त्याचे उत्सर्जन उलट वाढले. डिसेंबर २०११ मध्ये कॅनडाने करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. दंड ज्याला लागू व्हायचा, तोच उठून गेला.

१२ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या पॅरिस कराराने म्हणून वेगळी वाट धरली. प्रत्येक देशाने आपले वचन आपणच ठरवायचे. दर पाच वर्षांनी ते नव्याने द्यायचे आणि आधीपेक्षा पुढचे द्यायचे. दर दोन वर्षांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा, जाणकारांनी तो तपासायचा, आणि इतर देशांनी त्यावर खुले प्रश्न विचारायचे. या पद्धतीतले पहिले अहवाल डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत द्यायचे होते. शिवाय दर पाच वर्षांनी साऱ्या जगाचा एकत्र आढावा घ्यायचा. तसा पहिला आढावा डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत पूर्ण झाला. वचन मोडले तर मात्र दंड नाही. अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीने कोणालाही शिक्षा करायची नाही, असे करारातच लिहिले आहे.

म्हणजे आमच्या अठरा घरांच्या वहीसारखेच झाले. आकडा आपला आपण लिहायचा, सर्वांसमोर वाचायचा, आणि बाकीचे आपल्या विवेकावर.

दंड नसलेल्या हिशेबाला अर्थ आहे का?

अनेकांचे मत आहे की दंड नसेल तर असा करार म्हणजे कागदी घोडे. या आक्षेपात तथ्य आहे. दुबईतल्या आढाव्यानुसार तापमानवाढ दीड अंशात रोखायची असेल, तर २०३० पर्यंत जगाचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४३ टक्क्यांनी घटायला हवे. सर्व देशांची वचने एकत्र केली, तरी बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही. अमेरिका २०२० मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली. तिला रोखणारा कोणी नव्हता.

पण दंडाच्या भीतीने ठेवलेल्या हिशेबाचे काय होते, हेही वाणिज्य शिकणाऱ्याला ठाऊक असते. ज्याला पकडले जाण्याची भीती आहे, तो आधी लपवायला शिकतो. दोन वह्या ठेवतो. आणि लपवणे अशक्य झाले की व्यवहारातूनच बाहेर पडतो. दंड कृतीला आळा घालू शकतो, पण सत्याची आवड तो निर्माण करू शकत नाही.

आपल्या साधनेत आत्मपरीक्षणाला जे स्थान आहे, ते इथे आठवावे. रात्री झोपण्यापूर्वी आपण दिवसाकडे पाहतो, तेव्हा समोर न्यायाधीश नसतो. तरी ते पाहणे माणसाला बदलते. कारण चूक एकदा स्वच्छ शब्दांत मान्य केली की दुसऱ्या दिवशी ती तितक्या सहजपणे होत नाही. आपल्या भाषेत ‘जबाबदारी’ या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे. जबाबदार माणूस म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारा. शिक्षा हा त्याचा पुढचा भाग झाला. उत्तर देण्याची तयारी हा पहिला.

फक्त एक अट आहे. दंड नसलेली व्यवस्था पूर्णपणे सत्यावर उभी असते. क्योतोसारख्या व्यवस्थेत खोटेपणा हा एक गुन्हा होता. पॅरिससारख्या व्यवस्थेत खोटेपणा म्हणजे पायाच काढून घेणे. आमच्या वहीत मी तेच केले होते.

आकडा खरा, अर्थ खोटा

सर्वांत सूक्ष्म असत्य खऱ्या आकड्यांतून बोलले जाते. देशांच्या हिशेबात त्याच्या जागा कोणत्या, ते पाहू.

पहिली जागा आधारवर्षाची. युरोपीय संघ १९९० शी तुलना करतो, जपान २०१३ शी. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर जपानचे अणुप्रकल्प बंद होते आणि कोळसा-वायू जास्त जळत होता, असे ते वर्ष. रशियाही १९९० धरतो, म्हणजे सोव्हिएत कारखाने कोसळण्यापूर्वीचे वर्ष. त्यामुळे काहीही विशेष न करता त्याचा आकडा कमी दिसतो. कोणताही आकडा खोटा नाही. पण जिथून मोजायला सुरुवात करावी तिथून चढ उतारासारखा दिसतो. माझा जून महिना याच जातीचा.

दुसरी जागा प्रमाणाची. भारताने २०१५ मध्ये दिलेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवलेले वचन असे आहे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचे. डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात ही तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. ही खरी कमाई आहे. पण उत्पन्न दुप्पट झाले आणि रुपयामागचे उत्सर्जन निम्मे झाले, तर एकूण उत्सर्जन होते तेवढेच राहते. तीव्रता घटली म्हणजे धूर घटला असे नव्हे.

तिसरी जागा आपोआप मिळालेल्या यशाची. त्याच अहवालानुसार २०२० मध्ये भारताचे उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी कमी झाले. अहवाल वाचणाऱ्याने इथे आठवले पाहिजे की ते टाळेबंदीचे वर्ष होते. रस्ते ओस पडले होते, लाखो मजूर पायी घरी निघाले होते. त्या घटीला आपण आपला संयम म्हणू शकत नाही.

चौथी जागा क्षमता आणि वापर यांतल्या फरकाची. जून २०२५ अखेर भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा जीवाश्म इंधनाशिवायच्या स्रोतांचा झाला. वचन २०३० चे होते, ते पाच वर्षे आधी पूर्ण झाले. आपल्या राजस्थानातल्या भडला सौर उद्यानाचा, त्याच्या २,२४५ मेगावॉटचा यात वाटा आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण सौर संच रात्री झोपतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला मोठा भाग आजही कोळशातूनच येतो. घरात व्यायामाचे यंत्र आणणे आणि रोज व्यायाम करणे यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक.

आणि पाचवी जागा कुंपणाची. आंतरराष्ट्रीय विमाने आणि जहाजे जे इंधन जाळतात, ते कोणत्याही देशाच्या एकूण बेरजेत धरले जात नाही, वेगळे नोंदवले जाते. एका देशात बनलेली वस्तू दुसऱ्या देशात वापरली गेली, तर धुराची नोंद बनवणाऱ्याच्या नावावर पडते, वापरणाऱ्याच्या नाही. श्रीमंत घराने स्वयंपाक शेजारी करून घ्यावा आणि आमच्या चुलीतून धूर निघत नाही म्हणावे, तसे हे होऊ शकते.

आजीची खोली

इथवर वाचून वाटेल की कठोर हिशेब म्हणजेच नीती. मलाही तसेच वाटले, आणि त्यातून दुसरी चूक घडली.

मी आईला सगळे सांगितले. वहीत दुरुस्ती करणार, असेही म्हणाले. शेजारच्या खोलीत आजीने ते ऐकले. त्या रात्री दोनच्या सुमारास खोकल्याचा आवाज आला म्हणून आई उठली. आजी अंधारात बसली होती, घामाने भिजलेली, एसी बंद. आईने विचारले तर म्हणाली, “पोरीच्या वहीत माझ्यापायी ओझं नको.”

ती रात्र मी विसरणार नाही. आकडा लपवला तेव्हा मी सत्याचा अपराध केला होता. पण त्याच्या मुळाशी आणखी एक अपराध होता. आजीच्या श्वासाची मला लाज वाटली होती. तिची गरज मी दोष म्हणून वहीत पाहत होते.

देशांच्या बाबतीत हाच प्रश्न १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी विचारला होता. गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशातल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसे तोलता, जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एक कसे, असा त्यांचा सवाल होता. आजही भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे आणि अमेरिकेची सुमारे १४ टन. शिवाय हा वायू वातावरणात शतकानुशतके राहतो. आज जी उष्णता आपण भोगतो, तिच्यात गेल्या दीडशे वर्षांतल्या कारखान्यांचा धूर आहे. आजोबांनी केलेल्या कर्जाचे हप्ते नातवांना सारखेच वाटून द्यावेत, आणि ज्याच्या आजोबांनी कर्ज घेतलेच नाही त्यालाही तेवढेच द्यावेत, याला कोणी न्याय म्हणणार नाही.

मग गरजेच्या नावाने आकडा लपवावा का? आमच्या सत्संगातले एक ज्येष्ठ काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “बेटा, बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारतात, म्हणजे जुना आकडा वाचता येतो. शेजारी खरा आकडा, त्याचे कारण आणि सही. कारण चांगले आहे म्हणून आकडा बदलत नाही, आणि आकडा वाईट आहे म्हणून कारण खोटे ठरत नाही.”

मला वाटते, साऱ्या वादाचे सार यात आहे. आकडा आणि कारण या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आकडा सत्याचा विषय, कारण न्यायाचा. श्रीमंत देश पुष्कळदा आकडा पुढे करून कारण झाकतात. आपल्यासारखे देश कधी कधी कारण पुढे करून आकडा झाकू पाहतात. दोन्ही वेळी अर्धीच वही उघडी असते. शिवाय गरिबाच्या गरजेची ढाल करून आपली चैन लपवणे हा मोह तर आपल्या देशातच आहे. देशाची सरासरी २ टन आहे, ती खेड्यातल्या कमी वीज वापरणाऱ्या घरामुळे. शहरातल्या तीन एसींच्या घराने त्या सरासरीमागे लपू नये.

आकाश नोंद ठेवते

हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. देशांचे अहवाल चांगले येवोत की वाईट, ही नोंद आपल्या गतीने पुढे सरकते. हवा अहवाल वाचत नाही.

आकाशाच्या या नोंदीने खोटेपणा उघड केल्याचे एक उदाहरण आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. त्यानुसार सीएफसी-११ या वायूचे उत्पादन २०१० पर्यंत जगभर थांबायचे होते. कागदोपत्री ते थांबले होते. पण २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हवेतला हा वायू अपेक्षेप्रमाणे घटत नाही, कोणीतरी तो पुन्हा सोडत आहे. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधल्या मापन केंद्रांच्या आधारे माग पूर्व चीनपर्यंत पोहोचला. तपास झाला, कारवाई झाली, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नोंदींत उत्सर्जन पुन्हा खाली आलेले दिसले. सैन्य पाठवावे लागले नाही. नीट मोजणे आणि मोजलेले सर्वांसमोर मांडणे पुरेसे झाले.

आमच्या घरापासून फार दूर नाही असे जंतरमंतर याच विचाराचे स्मारक आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ते उभारले. पितळेची छोटी यंत्रे झिजतात, हलतात, अचूक मापन देत नाहीत, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची भव्य यंत्रे बांधली. इथले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि त्याची सावली दोन सेकंदांपर्यंतची वेळ दाखवते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकाच ठिकाणच्या मापनावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या, म्हणजे एकाचे निरीक्षण दुसऱ्याला पडताळता यावे. राजाचाही आकडा तपासला गेला पाहिजे, हे राजानेच मान्य केले होते.

त्यांच्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. ते अरबी शिकले आणि युक्लिड व टॉलेमी यांचे ग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. ‘रेखागणित’ आणि ‘सम्राट सिद्धांत’ हे ते ग्रंथ. जयपूरमध्ये बसून भाषांतर करणाऱ्या माझ्यासारखीला त्यांचे नाव वाचून आनंद होणे स्वाभाविक आहे. पण खरा बोध वेगळा आहे. सत्य परक्या भाषेतून आले तरी ते तपासून आपले करावे, ही वृत्ती आपल्या परंपरेतच आहे. जगाने आपला हिशेब विचारला तर अपमान वाटण्याचे कारण नाही. आपणही जगाचा विचारावा.

जे वहीत येत नाही

एक सावधगिरी मात्र हवी. वही डोळ्यांवर झापड बनू शकते. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण, म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले, पण आज देशात उरलेल्या दीडशेच्या आसपास पक्ष्यांपैकी बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. सौर आणि पवन ऊर्जेच्या उच्चदाब तारांना धडकून ते मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या मोठ्या अधिवासात तारा जमिनीखालून न्याव्यात असे सांगितले. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. दोन्ही बाजूंना धर्म आहे. उत्सर्जनाच्या वहीत माळढोकासाठी रकाना नाही, आणि आमच्या वहीत आजीच्या श्वासासाठी नव्हता. म्हणून वही ठेवणाऱ्याने अधूनमधून मान वर करून पाहावे.

आपल्या दारापर्यंत

देशांचा हिशेब शेवटी गावांचा आणि घरांचाच असतो. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०१९ मध्ये शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन उत्सर्जन केले, हा आकडा आधी स्वतः मांडला आणि मग २०५० पर्यंत ते निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन दिले. देशाचे लक्ष्य २०७० चे आहे, म्हणजे शहराने स्वतःला वीस वर्षे कमी दिली. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालते. त्यात ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्वांना भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या कसोटीवर गुण मिळतात. भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला डिसेंबर २०२४ मध्ये कार्बन न्यूट्रल गटात राष्ट्रीय पंचायत पुरस्कार मिळाला. पुरस्कार हे साधन आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी झाडे लावून गुण मिळवता येतात, पण ती झाडे वाढवणाऱ्याचेच आकाश स्वच्छ होते.

दुरुस्तीची नोंद

जूनच्या पहिल्या रविवारी मी वही उघडली. जुन्या नोंदीवर एक रेघ मारली. शेजारी लिहिले: मागील मे २९०, या वर्षी ४१०, वाढ ४१ टक्के, कारण घरातील आजारपण, आधीची तुलना चुकीच्या महिन्याशी केली होती. खाली सही केली आणि वाचून दाखवली. आवाज कापत होता. आजी पहिल्या रांगेत बसली होती.

क्षणभर शांतता झाली. मग एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, आमची घट खरी नाही, आम्ही वीस दिवस गावी होतो. आणखी एका घराने तसेच सांगितले. सगळ्या दुरुस्त्या धरून आमची एकत्रित घट दहाऐवजी चार टक्क्यांवर आली. लक्ष्य चुकले. पण वही पहिल्यांदा खरी झाली. मग चर्चा बदलली. कोणाचा आकडा किती, याऐवजी कोणाला कशाची गरज आहे आणि कोण काय सोडू शकतो, हे लोक बोलू लागले. ज्या दोन घरांत माणसे दोन आणि एसी तीन होते, त्यांनी रात्री एकाच खोलीत झोपायचे ठरवले. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, तोही रकाना आता वहीत आहे. आजीची खोली मात्र आम्ही सर्वांनी मिळून दहा टक्क्यांच्या बंधनातून बाहेर ठेवली. तिचा आकडा वहीत आहे, शेजारी तिचे कारण आहे, आणि त्याची कोणालाही लाज नाही.

वाचकहो, आपल्याही गावात, सोसायटीत किंवा सत्संगात अशी एक वही सुरू करावी, ही विनंती. तिच्यासाठी तीनच नियम पुरतात. मोजायला सुरुवात कुठून केली ते पहिल्या पानावर लिहावे आणि मध्येच बदलू नये. चुकले तर पुसू नये, रेघ मारून शेजारी खरे लिहावे. आणि प्रत्येक आकड्याशेजारी कारणासाठी एक रकाना मोकळा ठेवावा, कारण प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी श्वास घेत असते.

हिशेब कोणाला द्यायचा, हा सुरुवातीचा प्रश्न. शेजाऱ्याला द्यायचा, जगाला द्यायचा, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांना द्यायचा. आकाश तर तो घेतच आहे. रात्री दिवा मालवण्यापूर्वी तो एकदा स्वतःला दिला, म्हणजे इतरांना देताना आवाज कापत नाही.